एकलहऱ्याचा धूर आणि चांद्याचा कोळसा

विदर्भातल्या खाणींतून निघालेला कोळसा मालगाड्यांनी सात-आठशे किलोमीटरांची मजल मारून एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात येतो, तेथे जळून आपली राख गोदाकाठच्या गावांच्या पदरात टाकतो आणि आपल्यातला कर्ब वायुरूपाने आकाशाच्या स्वाधीन करून मोकळा होतो, हा व्यवहार गेल्या पन्नासाहून अधिक वर्षांत इतक्या बिनबोभाट नियमाने चालत आलेला आहे की राखेविषयी तक्रार करणारे नाशिककरही त्या अदृश्य वायूविषयी फारसे बोलत नाहीत. त्या वायूची, म्हणजे कार्बन डायऑक्साइडची, विल्हेवाट लावण्याची एक युक्ती मात्र शास्त्रज्ञांच्या परिसंवादांतून निघून आता सरकारी कागदपत्रांत रुजू झाली आहे. नीती आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्बवायू पकडून साठविण्याविषयी जो धोरणाचा आराखडा प्रसिद्ध केला, त्यातही तिला जागा मिळाली. युक्ती ऐकावयास मोठी मनोहर आहे. ज्या कोळशातून हा वायू जन्मला त्याच जातीच्या, परंतु इतक्या खोल असलेल्या की खणणे परवडू नये अशा थरांत तो पुन्हा कोंबावा, त्याच्या रेट्याने त्या थरांत युगानुयुगे अडकून पडलेला मिथेन वायू बाहेर काढावा, आणि अशा रीतीने एका हाताने प्रदूषण पुरावे व दुसऱ्या हाताने इंधन उपसावे.

या युक्तीमागचे विज्ञान खरे आहे, महाराष्ट्रात तिची परीक्षाही व्हावयास हवी. परंतु ती परीक्षा होऊन निकाल हाती येण्यापूर्वीच कोणत्याही नव्या धुराड्याच्या मंजुरीसाठी तिचा जामीन म्हणून उपयोग करू दिला जाऊ नये, एवढेच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे. नाशिकपुरते बोलायचे तर हा विषय केवळ पुस्तकी नाही. एकलहऱ्याचे १४० मेगावॅटचे पहिले दोन संच निवृत्त झाले, २१० मेगावॅटचे तीन संच मिळून ६३० मेगावॅटचे केंद्र उरले, आणि जुन्या संचांच्या जागी ६६० मेगावॅटचा नवा संच यावा ही कामगारांची व परिसरातल्या गावांची मागणी वर्षानुवर्षे सरकारदरबारी पडून राहिली. ज्यांच्या दोन पिढ्यांची चूल त्या केंद्रावर पेटली त्यांनी अशी मागणी करावी यात गैर काहीच नाही. परंतु अशी मागणी पुन्हा ऐरणीवर येईल तेव्हा हवामानाचा प्रश्न निघणार, आणि त्या प्रश्नाला 'पुढेमागे वायू कोळशाच्या थरात साठवू' असे सोयीचे उत्तर तयार असणार, हे ओळखण्यास ज्योतिषाची गरज नाही.

प्रथम हे घडते कसे ते पाहू. कोळसा डोळ्यांना घन दिसला तरी तो असंख्य अतिसूक्ष्म रंध्रांनी भरलेला असतो आणि त्या रंध्रांच्या भिंतींवर मिथेनचे रेणू चिकटून बसलेले असतात. शास्त्रज्ञ यालाच अधिशोषण म्हणतात. थरातल्या नैसर्गिक भेगांत पाणी असते व त्या पाण्याचा दाब या रेणूंना जागीच धरून ठेवतो. म्हणून कोळशाच्या थरातला मिथेन काढणारा प्रथम विहीर खोदून पाणी उपसतो, दाब उतरतो, रेणू सुटे होतात आणि भेगांवाटे विहिरीकडे धावतात. एवढ्याने सगळा वायू निघत नाही, बराचसा मागे राहतो. येथे कर्बवायूचे काम सुरू होते. कोळशाला मिथेनपेक्षा कर्बवायूची ओढ अधिक. मध्यम प्रतीचा कोळसा एका मिथेन रेणूच्या जागी साधारणपणे दोन कर्बवायूचे रेणू सामावून घेतो, आणि हलक्या प्रतीच्या कोळशात तर हे प्रमाण याहून कितीतरी अधिक असू शकते. एका विहिरीतून कर्बवायू आत दडपला की तो रंध्रांतल्या जागा बळकावतो आणि बेदखल झालेला मिथेन शेजारच्या विहिरीतून वर येतो.

आपल्या देशात यातला पहिला अर्धा भाग, म्हणजे पाणी उपसून मिथेन काढणे, नवा राहिलेला नाही. १९९७ च्या धोरणाने त्याला वाट मोकळी झाली, पश्चिम बंगालमधील राणीगंज भागात २००७ मध्ये व्यापारी उत्पादन सुरू झाले, पुढे २०१७ मध्ये मध्य प्रदेशातल्या सोहागपूर क्षेत्रातूनही वायू वाहू लागला. दामोदर आणि शोण या नद्यांची खोरी या बाबतीत भाग्यवान, कारण तेथला कोळसा मुरलेला आणि वायूने भरलेला. आपल्या वर्धा खोऱ्याची गोष्ट निराळी आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

अगोदर हिशेब. दोन रेणू पुरले आणि एक मिथेनचा रेणू मिळाला, हा झाला जमेचा आकडा. परंतु तो मिथेन शोभेसाठी काढलेला नसतो, तो जाळावयाचा असतो, आणि मिथेनचा एक रेणू जळला की कर्बवायूचा एक रेणू पुन्हा हवेत जातो. म्हणजे दोन पुरून एक सोडला. शिवाय धुराड्यातल्या धुरात कर्बवायू जेमतेम बारा ते चौदा टक्के असतो, बाकी बहुतांश नायट्रोजन. त्यातून कर्बवायू निवडून काढण्यास, दाबून घट्ट करण्यास आणि जमिनीखाली रेटण्यास त्या वीज केंद्राच्या उत्पादनाचा एक चतुर्थांश भाग खर्ची पडू शकतो, आणि तेवढी वीज भरून काढायची तर आणखी कोळसा जाळावा लागतो. त्यात विहिरींच्या तोंडांशी व नळांच्या सांध्यांशी गळणारा मिथेन धरावा, जो शंभर वर्षांच्या मापाने कर्बवायूच्या सुमारे २८ पट उष्णता अडवितो, की जमेची बाजू पुष्कळच झिजते. या पद्धतीचे कैवारी म्हणतील की तेवढीच वीज कोळशाऐवजी वायूपासून केली तर कर्बवायू साधारण निम्माच निघतो, म्हणून हा मिथेन कोळशाची जागा घेणार असेल तर लाभ आहेच. मान्य. परंतु 'असेल तर' या दोन शब्दांवर सगळी मदार आहे. वायू कोळशाच्या जागी आला की कोळशाच्या जोडीला आला, हे कोणत्याही विहिरीवरचे मापक सांगू शकत नाही, ते राज्याच्या वीजधोरणाला विचारावे लागते.

आता अनुभव काय सांगतो ते पाहावे, कारण या विषयात सर्वांत बोधप्रद भाग तोच आहे. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात सॅन वान खोऱ्यातील ॲलिसन या क्षेत्रात १९९५ पासून २००१ पर्यंत चार विहिरींतून कर्बवायू आत सोडला गेला. जगातला हा सर्वांत मोठा आणि सर्वांत अधिक काळ चाललेला प्रयोग, आणि आजही सगळे अहवाल त्याचा हवाला देतात. मिथेन वाढला, हे खरे. परंतु कोळशाच्या थराची वायू आत घेण्याची शक्ती सुरुवातीच्या काळातच लक्षणीय घटली, कारण कर्बवायू पिऊन कोळसा फुगतो आणि फुगल्यामुळे ज्या भेगांतून वायूने वाहावयाचे त्याच भेगा मिटत जातात. आषाढात भिजून फुगलेला लाकडी दरवाजा जसा आपल्याच चौकटीत अडकून बसतो, तशी ही गत आहे. ॲलिसनबद्दल आणखी एक गोष्ट अहवालांच्या तळटीपांत राहून जाते, ती ही की तेथे वापरलेला कर्बवायू कोणत्याही वीज केंद्राच्या धुराड्यातला नव्हता. भूगर्भातल्या नैसर्गिक साठ्यातून काढून, तेलविहिरींसाठी टाकलेल्या नळातून तो आणलेला होता. एका ठिकाणी जमिनीतून काढलेला वायू दुसऱ्या ठिकाणी जमिनीत घातला, यात हवेचे ऋण किती फिटले हे वाचकांनीच ठरवावे.

युरोपात पोलंडच्या सायलेशिया प्रांतातील कानिऊफ या गावी २००४-०५ मध्ये असाच प्रयोग झाला. कोळसा हजार मीटरांहून खोल, भेगा अरुंद. वायू आत जाईचना, तेव्हा प्रचंड दाबाने थर फोडावा लागला आणि मग कोठे अखंड भरणा सुरू झाला. सर्व मिळून गेला सुमारे ७६० टन. जपानने होक्काइदो बेटावरच्या युबारी या जुन्या कोळसानगरीत २००४ पासून २००७ पर्यंत प्रयत्न केला, तेथेही कोळसा फुगला, नायट्रोजन सोडून वाट मोकळी करून पाहिली, काही काळ उपयोग झाला आणि पुन्हा भेगा आवळल्या. एकूण ८८४ टन. चीनने २००४ मध्ये शान्सी प्रांतातल्या चिन्शुई खोऱ्यात एका विहिरीत १९२ टन घालून पाहिला. हे आकडे परक्या मुलखातले म्हणून अपरिचित वाटत असतील तर एकलहऱ्याच्या मापाने मोजून पाहावेत. कोळशाच्या एका युनिट विजेमागे जवळजवळ एक किलो कर्बवायू निघतो, म्हणजे ६३० मेगावॅटचे केंद्र पूर्ण भाराने चालले तर ताशी सहाशे टनांच्या आसपास. पोलंडचा सगळा प्रयोग एकलहऱ्याच्या सव्वा तासाचा, जपानचा दीड तासाचा, चीनचा वीस मिनिटांचा. असे असून काही लेखांत या प्रयोगांचा उल्लेख 'सिद्ध तंत्रज्ञान' म्हणून होतो. प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञांनी स्वतः असा दावा केलेला नाही, कोळसा फुगतो हे त्यांनीच प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. दावा करणारे नेहमी दुसरेच असतात.

आता आपला कोळसा. चांदा (आजचे चंद्रपूर), वणी, वरोरा, बल्लारपूर ही नावे मराठी माणसाला कोळशामुळेच परिचित. वरोऱ्याची खाण इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकात चालविली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे नेली आणि १९०६ मध्ये ती बंद केली. तोवर बल्लारपूरकडे लक्ष वळलेले होते. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर हा सगळा मुलूख नागपुरात मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कारभारात आला. या वर्धा खोऱ्यातला जाड थर गोंडवन कालातल्या बराकर खडकांतला आहे, आणि पश्चिमेकडे तो खोल उतरत जातो, काही ठिकाणी तर दख्खनच्या काळ्या कातळाखाली दडतो. परंतु हा कोळसा हलक्या प्रतीचा, ओलावा अधिक असलेला, आणि येथल्या बहुतेक खाणी कमी वायूच्या श्रेणीतल्या. खाणकामगाराच्या दृष्टीने ही मोठीच कृपा म्हणावी, कारण हवेत मिथेन पाच ते पंधरा टक्के झाला की ठिणगीला स्फोटाचे आमंत्रण मिळते. मिथेनच्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने मात्र ही उणीव आहे. म्हणजे राणीगंजच्या उदाहरणावरून वर्धा खोऱ्यात वायूची गंगा वाहील असे कोणी सांगू लागला तर त्याला थांबवावे. उलट हलक्या प्रतीचा कोळसा मिथेनच्या मानाने कर्बवायू फार अधिक सामावतो, हे वर सांगितलेच आहे. त्यामुळे चांद्याच्या खोल थरांचा काही उपयोग झालाच तर तो इंधन काढण्यासाठी थोडा आणि वायू ठेवण्यासाठी अधिक, असा होईल. मग खर्च भागविणारे उत्पन्न कोठून येणार? मिथेनच्या विक्रीतून साठवणुकीचा खर्च निघतो, हाच तर या युक्तीचा आर्थिक कणा होता, आणि आपल्याकडे नेमका तोच कणा दुबळा आहे.

याहून अवघड प्रश्न हक्काचा आहे. ज्या थरात एकदा कर्बवायू भरला तो थर पुन्हा खणता येत नाही. खणला तर भरलेला सगळा वायू बाहेर. म्हणून सर्व अहवालांत 'खणता न येणारा कोळसा' असा शब्दप्रयोग असतो. परंतु खणता न येणे हा कोळशाचा गुण नव्हे, तो त्या काळच्या यंत्रांचा आणि भावाचा निर्णय असतो. जे थर एका पिढीने कवडीमोल म्हणून सोडले ते पुढच्या पिढीने अजस्र उघड्या खाणी करून उपसले, हे आपण वर्धा खोऱ्यात डोळ्यांनी पाहिले आहे. शिवाय कोळशाचा थर कोळसा खात्याचा आणि त्यातला वायू पेट्रोलियम खात्याचा, अशी आपल्या राज्यकारभाराची वाटणी. त्यात आता त्या थरात येऊन राहणाऱ्या तिसऱ्या पाहुण्याचा धनी कोण, हे ठरविणारा स्वतंत्र कायदा देशात नाही. दोन खात्यांच्या हद्दीवर पडलेला अर्ज किती वर्षे पडून राहू शकतो हे कोणत्याही कचेरीत फेऱ्या घातलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

आणि विहिरींचे पाणी. मिथेन काढण्यापूर्वी थरातले जे पाणी उपसावे लागते ते पुष्कळदा क्षारयुक्त असते. यवतमाळ-चंद्रपूरच्या कापसाच्या शेतात ते सोडून देता येणार नाही आणि नाल्यात सोडले तर नाला पुढे कोणाच्या तरी विहिरीशी जातो. या पाण्याची तजवीज प्रकल्पाच्या पहिल्या पानावर असावी, परिशिष्टात नव्हे.

नाशिकच्या बाजूने पाहता अंतराचा प्रश्न आहेच. कोळसा रेल्वेने आला, वायू परत कसा जाणार? सात-आठशे किलोमीटरांचा दाबाचा नळ निफाड, मनमाड, खानदेश, वऱ्हाड अशा दाट वस्तीच्या प्रदेशांतून टाकावा लागेल. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात साटार्शिया या गावाजवळ फेब्रुवारी २०२० मध्ये असा नळ फुटला, हवेहून जड असलेला वायू जमिनीलगत पसरला, मोटारींची इंजिने प्राणवायूअभावी बंद पडली, दोनशेहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली आणि पंचेचाळीस जणांना वैद्यकीय उपचार घ्यावे लागले. तेथली वस्ती विरळ होती. म्हणून महाराष्ट्रात परीक्षा घ्यायचीच असेल तर ती चंद्रपुरात घ्यावी, जेथे २,९२० मेगावॅटचे महाऔष्णिक केंद्र खाणींच्या शेजारीच उभे आहे आणि नळ टाकायचा झाला तरी तो जिल्ह्याच्या हद्दीत मावेल. एकलहऱ्याच्या नावाने चांद्याच्या थरांवर वायू साठविण्याचा हक्क सांगणे हे कागदोपत्रीच शक्य आहे.

कोणी म्हणेल, नाशिकला चांदा लांब असेल, पण कातळ तर पायाखालीच आहे. हे म्हणणे पोरकट नव्हे. पांडवलेणी ज्यात कोरली आणि ब्रह्मगिरी ज्याचा झाला तो दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात चुना, मॅग्नेशियम, लोह विपुल, आणि कर्बवायू पाण्यात विरघळवून अशा खडकात सोडला तर त्याचे दगडात रूपांतर होते. आइसलंडमध्ये २०१२ साली हा प्रयोग झाला आणि घातलेल्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक वायू दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. कोळशासारखा हा खडक फुगून स्वतःची वाट बंद करीत नाही, मिथेनच्या लोभाचा प्रश्न नाही, आणि दगड झालेला वायू गळत नाही. मला व्यक्तिशः हा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो. परंतु त्याला पाणी लागते, टनामागे सुमारे पंचवीस टन. एकलहऱ्याच्या पूर्ण भाराचा वायू अशा रीतीने पुरायचा तर वर्षाला साडेचार टीएमसीहून अधिक पाणी हवे, आणि गंगापूर धरणाची साठवणक्षमता साडेपाच टीएमसीच्या आसपास आहे. जायकवाडीला किती सोडायचे यावरून दर दुष्काळात न्यायालयाच्या पायऱ्या चढणाऱ्या जिल्ह्यात हे सांगण्याची सोय नाही. पाण्यावाचूनही प्रयोग झाला आहे, अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या वालुला येथे २०१३ मध्ये बेसाल्टात सुमारे हजार टन द्रवसदृश कर्बवायू थेट घातला गेला आणि त्याचेही खनिज झालेले आढळले. परंतु हजार टन म्हणजे पुन्हा एकलहऱ्याचे पावणेदोन तास. आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेची कोयना ज्यांना आठवते त्या महाराष्ट्राने कातळात दाबाने काहीही भरण्यापूर्वी भूकंपमापकांचे जाळे आधी उभारावे, हेही ओघानेच आले. पवईच्या आयआयटीत कर्बवायू पकडण्याच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. असा अभ्यास हाती घेण्यास मनुष्यबळ परदेशांतून आणण्याची गरज नाही.

तेव्हा सरकारने करावे ते हे. चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या एखाद्या खोल थरात दोन-तीन विहिरींचा प्रयोग सार्वजनिक पैशाने करावा, त्यात वायू किती गेला, दाब किती चढला, कोळसा किती फुगला, पाणी किती व कसल्या गुणाचे निघाले याची नोंद दरमहा जिल्हाधिकारी कचेरीत मराठीत ठेवावी, कोणाही रहिवाशाला ती पाहता यावी, आणि किमान एवढी वर्षे जाऊ द्यावीत की फुगलेला थर पुन्हा वायू घेतो की नाही हे कळेल. तोवर एकलहऱ्याच्या नव्या संचाचा विचार त्याच्या स्वतःच्या गुणदोषांवर व्हावा. वीज लागते म्हणून तो हवा असेल तर तसे सांगावे, सौर वीज व साठवणीची यंत्रे स्वस्त पडत असतील तर त्याच जागेवर, त्याच विद्युतवाहिन्यांचा उपयोग करून, त्याच कामगारांना काम देणारे दुसरे काही उभारता येईल का हे तपासावे. सिन्नरच्या माळावर १,३५० मेगावॅटचे केंद्र बांधून पूर्ण झाल्यावरही वर्षानुवर्षे निष्क्रिय राहिलेले या जिल्ह्याने पाहिले आहे. यंत्रे आधी आणि कोळशाची वाट, विजेचे गिऱ्हाईक यांचा विचार मागाहून, हा क्रम एकदा पुरे झाला.

आणि कायदा. युरोपीय संघाने २००९ च्या निर्देशात असे ठरविले आहे की साठवणुकीची जागा बंद झाल्यावरही किमान वीस वर्षे जबाबदारी सामान्यतः चालकाचीच राहील, वायू स्थिर झाल्याची खात्री पटल्यावरच ती सरकारकडे जाईल, आणि पुढच्या देखरेखीचा खर्च चालकाने आगाऊ भरला पाहिजे. आपल्याकडे राखेच्या बांधांची देखरेख कोण करतो, असे विचारले तरी ग्रामपंचायत एका कचेरीकडे बोट दाखविते आणि ती कचेरी दुसरीकडे. राख निदान दिसते तरी. हजार मीटर खोल ठेवलेल्या वायूसाठी पहिली विहीर खोदण्यापूर्वीच नाव, रक्कम आणि मुदत हे तीन रकाने भरलेला करार विधिमंडळाच्या पटलावर आला पाहिजे.